ताजे फ्राइज, वर टॉपिंग : दहा मिनिटं न सादळण्याचा प्रयोग

१४ जून २०२५, ठाणे

काम काय ते आधी ठरवून घेतलं. घरच्या गॅसवर, कच्च्या बटाट्यापासून केलेले फ्राइज. वर ओलं टॉपिंग घातल्यावर दहा मिनिटं कुरकुरीत राहायला हवेत. तेही पावसाळ्यात. स्वयंपाकघरातल्या आर्द्रतामापकावर आत्ता ८६ टक्के आणि २९ अंश आहे. या हवेत पापडसुद्धा ताटात सादळतो, म्हणजे परीक्षा कडकच.

मोजायची पद्धत: एका घाण्यातले १० फ्राइज घ्यायचे, प्रत्येक एका टोकाला चिमटीत आडवा धरायचा. दुसरं टोक खाली झुकलं तर तो बाद. हे तळल्यावर लगेच, ५ मिनिटांनी आणि १० मिनिटांनी करायचं. चव ज्याची त्याची, झुकलेलं टोक सगळ्यांना सारखंच दिसतं.

सामान: २८ सेंमीची लोखंडी कढई, त्यात दीड लिटर रिफाइंड शेंगदाणा तेल (मधोमध सहा-साडेसहा सेंमी खोल, कढई अर्ध्याहून कमी भरलेली), काडीचा थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, झारा, स्टीलची जाळी. लांबून नेम धरून तापमान दाखवणारं यंत्र बाजूला ठेवलं. ते फक्त पृष्ठभाग वाचतं, आणि चकचकीत स्टीलवर तर चुकीचंच वाचतं. झाकण हाताशी हवंच: तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण टाकायचं, पाणी कधीच नाही.

१५ जून

पायाभूत घाणा, म्हणजे बहुतेक घरांत करतात तसा. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडचा बटाटा, सोलून १० मिमी जाड कापला, दोनदा पाण्यातून काढला, पुसला आणि १८० अंशांवर एकदाच तळला. एका घाण्यात ३०० ग्रॅम.

तेल १८० वरून १५० पर्यंत पडलं आणि सावरायला पाच मिनिटं लागली. आठव्या मिनिटाला रंग विटकरी, टोकं काळी, आतला गर अजून कचवट. लगेचच्या चाचणीत १० पैकी ४ झुकले, ५ मिनिटांनी दहाही.

यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत. मऊपणा पाण्याचा, काळेपणा साखरेचा. ते सुटे करून बघितले नाहीत तर तापमान कमीजास्त करण्यातच महिना जाईल.

२१ जून

आजचा दिवस फक्त बटाट्याचा, आणि सगळ्या नोंदींत हीच सर्वांत महत्त्वाची.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला गुजरात आणि उत्तर प्रदेशाचा बटाटा पुढे बरेच महिने शीतगृहातून येत राहतो. भाजीचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात. कोंब फुटत नाहीत, पण त्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. तळताना हीच साखर अमिनो आम्लांशी जुळते आणि आत शिजायच्या आधीच बाहेरचा भाग काळवंडतो. वेफर्स आणि फ्राइजच्या कारखान्यांसाठीचा माल १० ते १२ अंशांवर, कोंबरोधक औषध देऊन ठेवतात. बाजारात त्याला ‘शुगर फ्री’ किंवा ‘वेफर्सचा बटाटा’ म्हणतात. मधुमेहाशी या नावाचा काही संबंध नाही. त्यात स्टार्च भरपूर असतो, फक्त साखर झालेली नसते.

वाशीच्या एपीएमसी कांदा-बटाटा मार्केटमध्ये हा माल मिळतो, पण गाळ्यावर ५० किलोच्या गोणीखाली बोलणं होत नाही. सुटा हवा तर आसपासच्या किरकोळ विक्रेत्यांकडे विचारायचं. वाणाचं नाव विचारून फारसा उपयोग नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी चिपसोना वेफर्ससाठी आणि लांबट कुफरी फ्रायसोना खास फ्राइजसाठी काढला, पण किरकोळ बाजारात ढीग गावाच्या किंवा राज्याच्या नावाने लावलेला असतो. म्हणून नावापेक्षा चाचणी बरी.

चाचणी एक, मिठाच्या पाण्याची. ८८० मिली पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवलं की द्रावणाची घनता साधारण १.०८ होते. त्यात जो बटाटा बुडतो त्यात घनभाग (पाणी सोडून उरतो तो) सुमारे २० टक्के किंवा जास्त; तो पिठूळ, फ्राइजला योग्य. तरंगला तर पाणी जास्त. तो रस्साभाजीला द्यावा.

चाचणी दोन, चकतीची. मधोमध कापून २ मिमीची एक चकती १८० अंशांवर बुडबुडे थांबेपर्यंत तळायची. फिकट सोनेरी राहिली तर ठीक.

तीन ढिगांतले प्रत्येकी १० बटाटे तपासले. जांभळी नाक्यावरचा मोठा, भाजीचा बटाटा: ४ बुडाले, पण चकत्या सगळ्यांच्या तपकिरी. पिवळसर गराचा गुळगुळीत बटाटा, बहुधा पुखराज: एकही बुडाला नाही. वाशीचा ‘शुगर फ्री’: ९ बुडाले, चकत्या फिकट सोनेरी.

पहिल्या ढिगावर नीट लक्ष द्यायला हवं. त्यातले चार बुडाले, म्हणजे घनभाग पुरेसा होता, तरी काळे पडले. घनभाग आणि साखर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक चाचणी दुसरीचं काम करत नाही.

पुढचं सगळं काम वाशीच्या बटाट्यावर. ८ किलो आणला, गोणपाटात, अंधारात, हवेशीर जागी ठेवला. फ्रिजमध्ये अजिबात नाही. तिथे आठवडाभरात साखरेचा प्रश्न परत उभा राहतो. हिरवट झालेले दोन बटाटे टाकून दिले.

भाजीचाच बटाटा मिळत असेल तर त्याला घरात उघड्यावर १०-१२ दिवस ठेवला की थोडी साखर खर्ची पडते. थोडीच. दमट हवेत तोपर्यंत कोंब फुटायला लागतात.

२२ जून

कापणी. दांड्याच्या कटरची ९ मिमीची जाळी आणि सुरीने कापलेले १० मिमी, दोन्ही करून पाहिले. फरक जाडीत नाही, एकसारखेपणात. कटरच्या कडेने निघणाऱ्या पातळ पाचरी बाकीच्यांच्या दोन मिनिटं आधी जळतात आणि तेल कडू करतात. त्या वेचून बाजूला काढल्या, काचऱ्यांना वापरल्या.

१ किलो बटाट्याचे सालं आणि पाचरी वजा जाता ७८० ग्रॅम काप निघाले.

२८ जून

नुसतं थंड पाण्यात भिजवून काय साधतं ते तपासलं. एक तास भिजवलेले आणि तीन पाण्यांत खळखळून लगेच काढलेले काप शेजारी शेजारी तळले. रंगात फरक ओळखू येत नाही. थंड पाण्याने कापलेल्या तोंडावरचा सुटा स्टार्च जातो आणि काप एकमेकांना चिकटत नाहीत, त्यासाठी तीन पाणी पुरतात. आतली साखर बाहेर काढायची तर पाणी गरम हवं.

म्हणून उकळीचे तीन प्रकार. प्रत्येकी ५०० ग्रॅम काप, २ लिटर पाणी, २ मोठे चमचे मीठ.

साध्या पाण्यात मंद उकळीवर १० मिनिटं: निम्मे काप झाऱ्यावर घेतानाच मोडले.

पाण्यात २ मोठे चमचे पांढरा व्हिनेगर, म्हणजे लिटरला एक, तितकाच वेळ: काप पूर्ण शिजले, कडा किंचित भुसभुशीत, तुटला एखादाच. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात सावकाश विरघळतं, म्हणून आकार टिकतो. चमचे दुप्पट केले तेव्हा आंबट वास तळल्यावरही राहिला.

तिसरा प्रकार व्हिनेगरशिवाय, ७० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं: काप घट्ट राहिले. या तापमानाला बटाट्यातलंच एक विकर (एन्झाइम) पेक्टिनला बळकटी देतं. पद्धत उत्तम, पण गॅस सतत खालीवर करत थर्मामीटरपाशी उभं राहावं लागतं. रोजच्या कामाला व्हिनेगरची पद्धत धरली.

उपसल्यावर काप पंचावर एका थरात पसरून पंख्याखाली ठेवले. पुस्तकी दहा मिनिटं या हवेत पुरत नाहीत. तळहाताला ओल लागेनाशी व्हायला २५ मिनिटं लागली. ही पायरी गाळली की तेल उतू येतं आणि तापमान कोसळतं.

२९ जून

दोन वेळा तळणं. बेल्जियममध्ये फ्राइज असेच दोनदा तळतात, पूर्वापार बैलाच्या चरबीत. तत्त्व आपल्या ओळखीचं आहे: पहिल्यांदा शिजवायचं आणि साल धरू द्यायची, दुसऱ्यांदा साल कोरडी करायची.

पहिलं तळण: १६० अंश, ४ मिनिटं. रंग येता कामा नये. बाहेर काढल्यावर काप वाकतो, पण वर बारीक फोडांची चामड्यासारखी पातळ साल दिसते. आला रंग तर तेल जास्त तापलं होतं. मग जाळीवर ३० मिनिटं गार. गार होताना आतलं पाणी सालीकडे येतं. दुसऱ्या तळणात तेच उडून जायचं असतं.

दुसरं तळण: १८८ अंश, पावणेतीन मिनिटं.

घाण्याचा आकार इथे ठरवला. दीड लिटर तेलात ३०० ग्रॅम टाकले तेव्हा तापमान २८ अंशांनी पडलं, १५० ग्रॅमला १३ अंशांनी. यापुढे घाणा १५० ग्रॅमचाच. घाईने एकदम घातले की काप तळत नाहीत, तेलात उकडतात.

केव्हा काढायचं ते कानांना कळतं. सुरुवातीची जोरदार फसफस ओसरते, बुडबुडे बारीक होतात आणि झारा फिरवला की काप एकमेकांवर खडखडतात. त्या खडखडीनंतर वीस सेकंद, बस. रंग फिकट सोनेरी असतानाच थांबायचं. गडद तपकिरी होईपर्यंत ठेवलं की ॲक्रिलामाइड (तळताना तयार होणारं अपायकारक रसायन) वाढतं आणि चवही कडवट होते.

तेल बहुतेक करून शिरतं ते बाहेर काढल्यावर. तळताना वाफ आतून बाहेर ढकलत असते, तोवर तेलाला वाट नसते. काप निवू लागले की आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या झारा कढईवर चार-पाच वेळा जोरात झटकायचा आणि काप जाळीवर सोडायचे. कागदावर नको: खालची वाफ अडते आणि तळची बाजू ओली होते. मीठ याच क्षणी, बारीक, ४०० ग्रॅमला ५ ग्रॅम, पण कढईपासून लांब परातीत. मीठ तेलात पडलं की तेल लवकर खराब होतं.

७८० ग्रॅम कापांचं वजन पहिल्या तळणानंतर ५३०, दुसऱ्यानंतर ३९०. म्हणजे १ किलो बटाट्यात चार जणांच्या बेताच्या बश्या होतात.

टॉपिंगशिवाय चाचणी: लगेच ०, ५ मिनिटांनी १, १० मिनिटांनी ४ झुकले.

६ जुलै, आषाढी एकादशी

बटाटा उपासाला चालतो, तेव्हा आजचा घाणा उपासाचा. व्हिनेगरऐवजी लिटरला दीड मोठा चमचा लिंबाचा रस, सैंधव मीठ, तेल तेच. लिंबाने आकार व्हिनेगरइतकाच टिकला.

पहिल्या तळणाआधी साबुदाण्याच्या पिठाचं पातळ लेपण देऊन पाहिलं: ५०० ग्रॅमला ४० ग्रॅम पीठ, ९० मिली गार पाणी. ताजे असताना काचेसारखे कडक. मात्र पाच मिनिटांनी चिवट होतात, दातांना ताणून तोडावे लागतात. ताबडतोब खायचे असतील तर सुंदर. वर दाण्याचं कूट, जिरं आणि वाटलेली हिरवी मिरची परतून घातली. कोरडं असल्याने काहीच बिघडलं नाही.

लेपणाची कल्पना मात्र उपयोगी आहे.

१३ जुलै

लेपण आणि फ्रीजर. लेपण बदललं: ३० ग्रॅम तांदळाचं पीठ, २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ११० मिली गार पाणी, ५०० ग्रॅम कोरड्या केलेल्या कापांना. ताकाइतकं पातळ हवं. घट्ट झालं की भज्यासारखा थर बसतो आणि बटाट्याची चव मागे पडते. लेपण लावल्यावर काप तेलात एकेक सोडायचे, नाहीतर जुडगा होतो.

फ्रीजर: पहिल्या तळणानंतर गार झालेले काप ताटात सुटे पसरून रात्रभर गोठवले. बर्फाचे स्फटिक आतल्या पेशी फोडतात, त्यामुळे दुसऱ्या तळणात पाणी सहज निघतं आणि गर पुरीच्या पोकळीसारखा हलका होतो. गोठलेलेच तेलात जातात, घाणा १२० ग्रॅमचा, वेळ पावणेचार मिनिटं. वर बर्फाचा कीस साचला असेल तर आधी झटकायचा. तो तेलात गेला की भडका उडाल्यासारखं तेल उसळतं. झिपच्या पिशवीत महिनाभर ठेवता येतात.

टॉपिंगशिवाय: ०, ०, १. आता टॉपिंगकडे वळता येईल.

१९ जुलै

टॉपिंगसाठी टिश्यूची चाचणी. एक चमचा टॉपिंग दोन पदरी टिश्यूवर दोन मिनिटं ठेवायचं आणि भोवती ओलीचं कडं किती पसरतं ते मोजायचं. मग टिश्यू पंख्याखाली सुकवायचा. कडं नाहीसं झालं तर ते पाणी होतं, राहिलं तर तेल. फ्राइजची साल मऊ होते ती पाण्याने. तेलाने तेलकट होईल, पण सादळणार नाही. पुढची सगळी टॉपिंगं या एका फरकावर उभी आहेत.

मोजमाप: वडापावची हिरवी चटणी, पाण्याचं कडं ३१ मिमी. बारीक चिरलेला टोमॅटो २६. दही ३४. चक्का ६. लसणाची सुकी चटणी ०.

म्हणून चटणी चक्क्यात मिसळायची: १०० ग्रॅम चक्क्याला २ मोठे चमचे पिळून काढलेली चटणी. कडं ९ मिमीवर आलं. टोमॅटोच्या बिया काढून, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत निथळले: ११. कांदा चिरून कोरडाच ठेवावा. मीठ लावला की पाणी सुटतं.

२० जुलै

चीज सॉस. प्रोसेस्ड चीज १०० ग्रॅम (२५ ग्रॅमचे ४ क्यूब), ९० मिली दूध, सपाट चमचा कॉर्नफ्लोअर, मिरपूड. कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून मंद आचेवर घट्ट करायचं, गॅस बंद करून मग किसलेलं चीज. प्रोसेस्ड चीजमध्ये मुळातच पायसीकारक, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, म्हणून ते फुटत नाही. नुसत्या मोझरेलाचं करून पाहिलं. तार सुटली, तेल वेगळं झालं, तीन मिनिटांत रबर. पनीर वितळतच नाही, ते आम्लाने फाडलेलं असतं. त्याचे खरपूस परतलेले तुकडे घालावेत. सॉसचं कडं ५ मिमी.

श्रावण लागायच्या आत खिमाही उरकला. २५० ग्रॅम चिकन खिमा, २ कांदे, आलं-लसूण, गरम मसाला, टोमॅटो नाही. खिमा शिजला म्हणून थांबायचं नाही. कढईच्या कडेला तेल दिसेपर्यंत मोठ्या आचेवर आणखी दहा मिनिटं परतायचा. थांबलेल्याचं कडं २२ मिमी पाण्याचं, परतलेल्याचं ८, तेही बहुतेक तेलाचं.

कॅनडाच्या क्यूबेकमधल्या पुतिनमध्ये फ्राइजवर चीजचे गोळे आणि तपकिरी ग्रेव्ही घालतात. तिथे ग्रेव्हीने थोडं मऊ होणं अपेक्षितच असतं. इथलं उद्दिष्ट वेगळं आहे, म्हणून ती वाट घेतली नाही.

२७ जुलै

मिसळीचं टॉपिंग. ठाण्यात मिसळ म्हटलं की मामलेदारची मिसळ डोळ्यांपुढे येते, आणि मिसळ म्हणजे रस्सा. रस्साच फ्राइजचा शत्रू. तोडगा असा की मिसळीतलं पाणी तेवढं गाळायचं आणि तर्री ठेवायची.

मोड आलेली मटकी २०० ग्रॅम, वाफवून, फोडणीवर कोरडी परतून. तर्री वेगळी: ६० मिली तेलात बारीक चिरलेला लसूण तांबूस करायचा, गॅस बंद, तेल १२० अंशांपर्यंत उतरलं की १ मोठा चमचा कांदा-लसूण मसाला आणि १ चमचा काश्मिरी तिखट. यापेक्षा गरम तेलात तिखट टाकलं ते काळं पडलं आणि ठसका उठला. दहा मिनिटं मुरवून गाळायचं. एका बशीला दोन चमचे तर्री पुरते. मिसळीचा सगळा वास तेलात उतरलेला असतो आणि पाण्याचा थेंब नसतो.

वरून फरसाण नको, बारीक शेव. फरसाणाचे जाड तुकडे फ्राइजबरोबर खाताना बोचतात.

३ ऑगस्ट

वाढण्याची पद्धत. हा भाग आधी क्षुल्लक वाटला होता. तेच फ्राइज, तेच टॉपिंग. खोल वाडग्यात ५ मिनिटांनी ६ झुकले, पसरट ताटलीत १. वाडग्यात तर टॉपिंगशिवायही खालचा थर स्वतःच्या वाफेने ओला होतो.

ठरलं ते असं: जाळीवर ४५ सेकंद वाफ जाऊ द्यायची. ताटलीत १२० ग्रॅम फ्राइज, दोन थरांहून जास्त नाही. टॉपिंग ४० ते ५० ग्रॅम, मधोमध पट्ट्यात. कडेचे फ्राइज मोकळे. सॉस ६५ अंशांच्या आसपास. उकळता ओतला की वाफ धरतो, गार झाला की गोळा होऊन बसतो. आधी चीज किंवा चक्का, त्यावर मटकी, मग तर्री, शेवटी शेव आणि कोरडी कोथिंबीर.

आर्द्रता ८९ टक्के असताना, पट्ट्यातलेच फ्राइज उचलून १० मिनिटांची चाचणी: चीज सॉस २ झुकले, मटकी-तर्री १, चक्का-चटणी ३. दहातले सात ताठ राहिले तर पास धरायचं ठरलं होतं. तिन्ही पास, चक्का अगदी काठावर.

१० ऑगस्ट

तेलाची नोंद. प्रत्येक वेळी गार झाल्यावर मलमलीतून गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधारात ठेवलं. तीन दिवसांच्या तळणानंतर पूर्ण बदललं. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक, म्हणजे तेल खराब होताना वाढणारे पदार्थ, २५ टक्क्यांपुढे गेले की ते वापरायचं नसतं. घरी ते मोजता येत नाहीत, म्हणून लक्षणं बघायची: कडेला न विरणारा फेस, दाटपणा, नेहमीपेक्षा कमी तापमानाला धूर. एक जरी दिसलं तरी तेल बाद. मोरीत ओतू नये, सोसायटीची गटारं त्यानेच तुंबतात.

पुढचं काम: आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा खरीप बटाटा पावसाळ्याअखेर निघतो. तो शीतगृहात न गेलेला मिळाला तर मिठाच्या पाण्याची आणि चकतीची चाचणी परत घ्यायची, उकळीचा वेळ ८ मिनिटांवर आणून बघायचा. वाशीच्या मालापैकी सव्वा किलो उरला आहे. दोन बटाट्यांना कोंब दिसतात. उद्या तळून संपवायचा.